राउटरला स्वतःचं नाव ठेवू देऊ नकोस

पहिली गोष्ट एवढीच: राउटर आयडी हाताने लिहायचा. नवी पेटी खोक्यातून काढली, कन्सोल केबल लावली, होस्टनेम दिलं, की लगेच लूपबॅक आणि त्याच्या पाठोपाठ राउटर आयडी. बाकीचं कॉन्फिग त्यानंतर. ऑफिसात कोणीतरी नक्की म्हणेल, "कशाला एवढं? तो आपोआप घेतो की." त्याच्याशी वाद घालू नकोस. घेतो हे खरंच आहे. पण काय बघून घेतो, कुठल्या क्षणी घेतो आणि एकदा घेतला की किती घट्ट धरून बसतो, हे नीट समजून घे. म्हणजे तुझी आत्या या एका ओळीसाठी सगळ्यांच्या मागे का लागते ते कळेल.

मी ओएसपीएफबद्दल बोलतेय, कारण तुमच्या नेटवर्कात तोच आहे आणि आयडीचे जास्तीत जास्त खेळ त्यातच होतात. त्यात प्रत्येक राउटर आपल्याला कोण कोण जोडलंय, कुठल्या लिंकची किंमत किती, याचा दाखला लिहून सगळीकडे पाठवतो. त्याला आपण एलएसए म्हणतो. एका एरियातल्या सगळ्या राउटरांकडे सगळे दाखले जमतात, त्यांवरून प्रत्येक जण तोच एक नकाशा मांडतो आणि डाइक्स्ट्राने १९५९ साली छापलेल्या रीतीने स्वतःपासून प्रत्येक ठिकाणापर्यंतचा सगळ्यात स्वस्त रस्ता काढतो. आता नकाशावर ठिपका काढायचा तर त्याला काही नाव हवं. राउटरला दहा इंटरफेस असले तर दहा पत्ते. त्यातला कुठला पत्ता म्हणजे तो राउटर? म्हणून ३२ बिटांचा एक आकडा प्रत्येकाला द्यायचा ठरलं. तो चार भाग पाडून, मध्ये टिंबं देऊन लिहितात, त्यामुळे दिसायला आयपी पत्त्यासारखा दिसतो. पण त्याला पिंग लागलंच पाहिजे असं नाही, आणि तो कुठल्या इंटरफेसवर असलाच पाहिजे असंही नाही. शून्य सोडून कुठलाही आकडा चालतो, फक्त अख्ख्या नेटवर्कात दुसऱ्या कोणाकडे तो नको.

जॉन मॉयने लिहिलेला आरएफसी २३२८ एप्रिल १९९८चा आहे. कंटाळवाणा वाटला तरी एकदा बसून वाच, इंग्रजी सोपं आहे. आयडी एकमेव असावा हे त्यात ठामपणे सांगितलंय. निवडायचा कसा, याबद्दल मात्र एक नुसती सुचवणी आहे: राउटरच्या आयपी पत्त्यांतला सगळ्यात मोठा घ्या, नाहीतर सगळ्यात लहान. या 'नाहीतर'मुळे पुढे प्रत्येकाने आपापली वाट धरली.

सिस्कोच्या आयओएसमध्ये आधी हाताने लिहिलेला आयडी बघतात. तो नसेल तर चालू असलेल्या लूपबॅकांपैकी सगळ्यात मोठा पत्ता. लूपबॅकच नसेल तर चालू असलेल्या बाकी इंटरफेसांपैकी सगळ्यात मोठा. इथे एक गोष्ट भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. तो इंटरफेस ओएसपीएफमध्ये घेतलेला असण्याची गरज नसते. तू ज्या इंटरफेसला प्रोटोकॉलच्या जवळसुद्धा येऊ दिलं नाहीस, त्याचा पत्ता त्याच प्रोटोकॉलमधलं राउटरचं नाव होऊन बसतो. ज्युनिपरवर हाताने काही लिहिलं नसेल तर जो इंटरफेस आधी वर येतो त्याचा पत्ता घेतला जातो. बहुतेक वेळा तो लूपबॅक असतो, पण 'बहुतेक वेळा'वर आपण नेटवर्क बांधत नाही. लिनक्सवरचा एफआरआर सिस्कोच्या वळणाने जातो, आधी लूपबॅक आणि मग मोठ्यात मोठा पत्ता. बर्ड मात्र लूपबॅक सोडून उरलेल्यांतला सगळ्यात लहान घेतो. म्हणजे एकाच रॅकमध्ये तीन कंपन्यांच्या पेट्या असल्या तर तीन तऱ्हेचे निकाल. हे सगळं पाठ करण्यात तुझी शक्ती घालवू नकोस. हाताने लिहिलेला आयडी या चौघांकडेही चालतो, आणि लिहिला की बाकीचे नियम लागूच होत नाहीत.

मोठा म्हणजे काय, तेही सांगते. डावीकडून तुलना होते, पहिला भाग मोठा तो मोठा. म्हणजे १९२.१६८वाला पत्ता १७२.१६वाल्याला हरवतो आणि १७२.१६वाला १०वाल्याला. आपले कोअरचे पत्ते बहुधा १०चे असतात. कुठल्याही शाखेत, दुकानात, घरात सापडणारा पत्ता कुठला? १९२.१६८.१.१. आता विचार कर, एका सहकारी बँकेच्या दोन शाखा आहेत. दोन्हीकडे लॅन १९२.१६८.१चं, कारण ठेकेदाराने एकच साचा दोन्हीकडे ओतला. बाहेर जाताना नॅट होतं, म्हणून तो पत्ता कोणालाच खटकत नाही. लूपबॅक दिलेला नाही. दोन्ही राउटर उठतात, आपापले पत्ते चाळतात आणि प्रामाणिकपणे सगळ्यात मोठा निवडतात. झाले दोघे १९२.१६८.१.१. पत्त्यांचा तक्ता तपासलास तर त्यात चूक सापडणार नाही, कारण लॅनचे पत्ते ओएसपीएफमध्ये नाहीतच.

आता हेच सर्व्हरांवर होतं. डॉकर टाकला की तो मशीनवर स्वतःचा एक ब्रिज तयार करतो आणि त्याला साधारणपणे १७२.१७.०.१ हा पत्ता देतो. प्रत्येक मशीनवर तोच. त्याच मशीनवर एफआरआर चालवलंस, लूपबॅकवर पत्ता दिला नाहीस आणि मशीनचा खरा पत्ता १०चा असला, तर मोठा कुठला ठरेल ते तूच सांग. कंटेनर चालू आहेत, ब्रिज वर आहे, आणि सगळे सर्व्हर एकाच नावाने बोलायला लागतात. सर्व्हरवाली मंडळी तुझ्याकडे येऊन 'नेटवर्क स्लो आहे' म्हणतील. आधी आयडी विचार.

निवड कधी होते हा दुसरा भाग, आणि माझ्या मते जास्त घातक. आयडी निवडला जातो तो ओएसपीएफची प्रोसेस सुरू होताना. त्यानंतर तो चिकटतो. पुस्तकांत अजूनही वाचशील की इंटरफेस पडला की आयडी बदलतो, म्हणून लूपबॅक वापरा. आजच्या आयओएसमध्ये तसं होत नाही. ज्याच्या पत्त्यावरून आयडी घेतला तो इंटरफेस पडला तरी आयडी तोच राहतो, आणि नंतर त्याहून मोठा पत्ता आला तरी तोच राहतो. ऐकायला बरं वाटतं, पण त्याने होतं काय? कोणीतरी जानेवारीत टेस्टिंगसाठी एक जास्तीचा लूपबॅक बनवतो, त्यावर १९२.१६८चा काहीतरी पत्ता टाकतो, काम झाल्यावर काढायचं विसरतो. तेव्हा काहीच होत नाही. शो कमांड मारली तरी जुनाच आयडी दिसतो. मग जून उजाडतो, पहिल्याच वादळी पावसात लाइट जाते, यूपीएस दम तोडतो आणि राउटर पहाटे नव्याने उठतो. उठताना पत्ते चाळतो, जास्तीचा लूपबॅक त्याला सापडतो आणि तो नवीन नाव घेऊन बाहेर येतो. तू चेंज लॉग उघडतोस. आदल्या रात्री कोणी काही बदललेलं नसतं, आदल्या आठवड्यातही नाही. खरं कारण पाच महिन्यांपूर्वीच्या पानावर आहे आणि ज्याने ते केलं तो आता दुसऱ्या कंपनीत आहे.

म्हणून रीलोडनंतर काही विचित्र दिसलं, तर आयडी आपण तो लिहून ठेवतो त्या रजिस्टरशी जुळतोय का ते आधी बघ. एका मिनिटाचं काम आहे. डब्ल्यूएएन बाजूला डीएचसीपीने पत्ता येत असेल तिथे तर हा घोळ दर रीलोडला नव्याने होऊ शकतो.

लूपबॅकबद्दल थोडं. इथे लूपबॅक म्हणजे तुझ्या लॅपटॉपवरचा १२७.०.०.१ नाही. राउटरवर आपण स्वतः बनवलेला, तारेशिवायचा इंटरफेस, जो कोणी मुद्दाम बंद केल्याशिवाय पडत नाही. त्याला ३२चा मास्क देऊन एकच पत्ता द्यायचा, तोच राउटर आयडी म्हणून लिहायचा, आणि तो पत्ता ओएसपीएफमध्ये जाहीरही करायचा. आयडी हा पत्ता नसतो हे मी वर सांगितलंच, तरी दोन्ही एकच ठेवायचे. रात्री तीन वाजता डेटाबेसमध्ये एखादा आकडा दिसला की त्यावरच एसएसएच मारता आलं पाहिजे. कुठली पेटी ते शोधायला एक्सेल उघडावं लागू नये.

आता एकच आयडी दोघांकडे गेला तर काय होतं ते बघू. दोघे एकाच लिंकवर शेजारी असतील तर सुटलो. ते एकमेकांशी जुळतच नाहीत, लॉगमध्ये डुप्लिकेट राउटर आयडीची ओळ सरळ येते, दुसऱ्या बाजूचा पत्ताही त्यात असतो. अर्ध्या तासाचं काम. खरी गंमत ते लांब लांब असताना. मध्ये चार राउटर आहेत, एरिया एकच आहे.

यासाठी ओएसपीएफचा एक नियम माहीत हवा. राउटरला जर स्वतःच्या नावाचा, पण आपण न लिहिलेला, अधिक नवा दाखला बाहेरून आला, तर तो समजतो की हा आपलाच मागच्या जन्मीचा कागद असणार. राउटर रीलोड झाला की दाखल्याचा क्रमांक कुठवर आला होता हे तो विसरतो, पण बाहेर सगळ्यांकडे जुना कागद मोठा क्रमांक घेऊन पडलेला असतो. म्हणून तो त्याच्याही पुढचा क्रमांक घालून स्वतःचा ताजा दाखला पाठवतो आणि जुना आपोआप बाद होतो. नियम शहाणपणाचा आहे. पण एका नावाचे दोन राउटर असले की हाच नियम उलटतो. गट नंबर एकच, सख्खे भाऊ दोन, आणि रोज सकाळी एक जण तलाठ्याकडे जाऊन दुसऱ्याची नोंद खोडून स्वतःची चढवतोय, तसं चालतं. तलाठी चुकत नाही, तो प्रत्येक वेळी सगळ्यात ताजी नोंदच धरतो. पहिल्याने पाठवलं, दुसऱ्याने पाहिलं, 'हे माझं नाही' म्हणून त्याने वरचा क्रमांक घालून पाठवलं, मग पुन्हा पहिला. एकच दाखला पुन्हा काढायला निदान ५ सेकंद थांबायचं असं प्रमाणात लिहिलंय, म्हणून हे भांडण त्या तालात चालू राहतं. दर वेळी एरियातला प्रत्येक राउटर नकाशा नव्याने मांडतो. कधी पहिल्याच्या मागची नेटवर्कं दिसतात, कधी दुसऱ्याच्या. वापरणाऱ्याला वाटतं लिंक फ्लॅप होतेय. तू लिंक बघतोस, ती ठणठणीत. ऑप्टिकची पॉवर बरोबर, एरर शून्य. टेलिकॉमवाल्यांशी उगाच भांडून होतं.

पकडायचं कसं? डुप्लिकेट शोधायला नवीन मुलं डेटाबेसची यादी काढतात आणि त्यात तोच आकडा दोनदा शोधतात. तो तसा कधीच सापडणार नाही. दोघे एकाच ओळीवर लिहितायत, मग ओळ एकच दिसणार. उलट मोज. एरियात राउटर किती आहेत ते तुला माहीत आहे. डेटाबेसमध्ये राउटरचे दाखले तेवढे आहेत का? एक कमी भरला तर कोणीतरी दुसऱ्याच्या नावावर बसलाय. दुसरी खूण वयाच्या रकान्यात. ठीक चाललेला दाखला अर्ध्या तासाने, म्हणजे १८०० सेकंदांनी, नव्याने निघतो, म्हणून वयाचे आकडे शेकड्यांत आणि हजारांत विखुरलेले दिसतात. ज्याचं वय कधीही बघितलं तरी दोन-चार-सहा सेकंद, आणि क्रमांक मात्र भराभर चढतोय, तिथे भांडण आहे. तोच दाखला दोन-तीनदा उघडून बघ, आतल्या लिंक दर वेळी वेगळ्या दिसतील. एकदा पहिल्या शाखेच्या, एकदा दुसऱ्या. मग दोघांची नावं तुझ्या हातात.

दोन राउटर वेगवेगळ्या एरियांत असले तर राउटरचे दाखले एकमेकांना भेटत नाहीत, कारण ते एरियाच्या बाहेर जात नाहीत. वर्षानुवर्षं कोणाला कळत नाही. मग एके दिवशी दोघांपैकी कोणी बाहेरचे रूट आत घ्यायला लागतो. बाहेरच्या रूटचे दाखले एरियाची हद्द ओलांडून सगळीकडे जातात. दुसरा ते पाहतो, आपल्या नावाचे आहेत पण आपण तर असलं काही जाहीर करत नाही, म्हणून तो त्यांचं वय संपवून ते सगळीकडून पुसायला लावतो. पहिला पुन्हा जाहीर करतो. एरिया वेगळा आहे म्हणून आयडी पुन्हा वापरला तर चालतो, असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस.

आयडी द्यायची पद्धत. १०.२५५.०.० सारखा एक पट्टा फक्त यासाठी राखून ठेव आणि त्यातून एकेक उचल. रजिस्टर एकच, लिहायचं आधी आणि पेटीवर टाकायचं नंतर. काही लोकांना आयडीतून सगळं सांगायचं असतं, दुसरा भाग जिल्हा, तिसरा मजला, चौथा रॅक. मला हे पटत नाही. पेटी नाशिकहून उचलून सोलापूरला नेली की आकडा खोटं बोलायला लागतो आणि तो बदलायला कोणी डाउनटाइम देत नाही. कोअर, वाटप आणि शाखा एवढं वेगळं ओळखता आलं तरी पुरे. स्थळ होस्टनेममध्ये लिही, ते कधीही बदलता येतं.

आणि क्लासमधली १.१.१.१, २.२.२.२ ही सवय लॅबमध्येच सोडून ये. नुसता आयडी म्हणून लिहिलं तर काही बिघडत नाही. पण मी आत्ताच तुला सांगितलं की आयडी आणि लूपबॅक एकच ठेव. मग तू १.१.१.१ लूपबॅकवर घालशील, ओएसपीएफमध्ये जाहीर करशील, आणि २०१८ पासून तो पत्ता क्लाउडफ्लेअरच्या सार्वजनिक डीएनएसचा आहे. तुझ्या ऑफिसातला जो कोणी तो डीएनएस वापरत असेल त्याच्या क्वेरी तुझ्या राउटरवर येऊन मरतील.

चालू नेटवर्कात आयडी बदलायचा असेल तर दिवसा नाही. सिस्कोवर नवीन आयडी लिहिलास आणि शेजारी आधीच जुळलेले असले, तर तो सांगतो की रीलोड करा किंवा प्रोसेस क्लिअर करा, मग लागू होईल. तोवर कॉन्फिगमध्ये एक आणि चालू दुसरा. हा मधला काळ लांबवू नको. नाहीतर वर सांगितलेल्या जून महिन्याची तू स्वतःच तयारी करतोयस. क्लिअर कमांड विचारते की सगळ्या प्रोसेस रीसेट करू का, आणि नुसतं एंटर दाबलं तर उत्तर 'नाही' धरते. घाईत एंटर दाबून 'झालं' म्हणणारे पुष्कळ आहेत. प्रोसेसचा नंबर देऊन तेवढीच क्लिअर कर, आणि नंतर शो मारून डोळ्यांनी बघ. ज्युनिपरवर उलट. तिथे कमिट म्हणजे कमिट, म्हणून विंडो सुरू होण्याआधी एंटर नको.

बदलण्याआधी व्हर्च्युअल लिंक आहेत का ते शोध. व्हर्च्युअल लिंक समोरच्याच्या आयडीवरच बांधलेली असते. या टोकाला आयडी बदलला की त्या टोकाचं कॉन्फिग मेलं. फायरवॉलवाल्यांनी, मॉनिटरिंगवाल्यांनी कुठे तो आकडा लिहून ठेवलाय का, तेही विचार. बदल झाल्यावर जुन्या नावाचा दाखला इतरांकडे काही वेळ भुतासारखा दिसत राहू शकतो, जास्तीत जास्त एक तास, कारण ३६०० सेकंदांनी दाखला मरतोच. त्याला घाबरायचं कारण नाही. नकाशा मांडताना प्रत्येक लिंक दोन्ही बाजूंनी जाहीर झाली आहे का ते तपासतात. भुताकडे कोणीही बोट दाखवत नसतं, त्यामुळे त्याच्यातून रस्ता निघत नाही.

मोठा आयडी हवाच कशाला, तर डेझिग्नेटेड राउटर व्हायला, असं मुलाखतीत सांगतात. खरं आहे, पण अर्धं. आधी प्रायोरिटी बघतात, ती बरोबरीची असली तरच मोठ्या आयडीवाला. सिस्कोवर प्रायोरिटी सगळ्यांची मुळात १ असते म्हणून सगळीकडे आयडीच ठरवतो असं वाटतं. शिवाय निवडणूक एकदा झाली की नंतर आलेला कितीही मोठा असो, तो आधीच्याला उठवत नाही. तुला अमुकच राउटर हवा असेल तर प्रायोरिटी लिही, आणि जो कधीच नको त्याला शून्य. त्यासाठी आयडीच्या आकड्यांशी खेळू नको. दोनच राउटर समोरासमोर असतील तर लिंक पॉइंट टू पॉइंट कर, निवडणूकही नाही आणि तिच्यासाठी ४० सेकंद ताटकळणंही नाही. दोघांत दाखल्यांची देवाणघेवाण सुरू करताना मोठ्या आयडीवाला सूत्रं हातात घेतो, ते तसंही चालूच राहतं आणि त्याने तुझं काही बिघडत नाही.

बीजीपीत हवा उलटी. तिथे बाकी सगळ्या कसोट्यांवर दोन मार्ग सारखे ठरले तर शेवटाकडे लहान आयडीवाल्याचा मार्ग घेतात. त्यापेक्षा लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट रूट रिफ्लेक्टरची. रिफ्लेक्टर रूट पुढे देताना त्यावर मूळ पाठवणाऱ्याचा आयडी चिकटवतो, म्हणजे तो फिरून मूळ मालकाकडेच आला तर त्याने टाकून द्यावा. आता रिफ्लेक्टरच्या दोन क्लायंटांचा आयडी एक असला तर पहिल्याने पाठवलेला रूट दुसऱ्याला 'माझाच' वाटतो आणि तो गुपचूप टाकतो. सेशन दोन्हीकडे वर, काउंटर चालू, रूट मात्र नाही. ईआयजीआरपीतही अशीच मुकी तक्रार आहे: बाहेरून आणलेल्या रूटवर स्वतःचा आयडी दिसला की राउटर तो घेत नाही. शेजारी जुळलेले, आतले रूट येतायत, बाहेरचेच तेवढे गायब, असं चित्र असेल तर ईआयजीआरपीचे इव्हेंट काढून बघ. ओएसपीएफ निदान आरडाओरडा तरी करतो.

तुमच्याकडे आयपीव्ही६ची लॅब चालू होतेय म्हणालास. ओएसपीएफची तिसरी आवृत्ती, २००८चा आरएफसी ५३४०, तिथेही राउटर आयडी ३२ बिटांचाच ठेवलाय. पेटीवर एकही जुना पत्ता नसेल तर निवडायला काहीच नसतं, आणि हाताने आयडी दिल्याशिवाय सिस्कोवर प्रोसेस उठतच नाही. मला हे वागणं फार आवडतं. आयएस-आयएसमध्ये तर पहिल्यापासून असंच आहे, ६ बाइटचा सिस्टिम आयडी तूच लिहायचा. तिथे लूपबॅकवरूनच तो बनवायची जुनी पद्धत आहे. १९२.०.२.१ असेल तर प्रत्येक भाग तीन आकड्यांचा कर, १९२.०००.००२.००१, मग टिंबं काढून चार-चारचे गट पाड: १९२०.००००.२००१. घाईत शून्य गळतं, म्हणून कागदावर लिहून मग टाइप कर.

शेवटचं, बदली पेटीचं. शाखेतला राउटर जळला, नवीन आला, बॅकअपमधून कॉन्फिग चढवलं. आयडी जुनाच येतो आणि तो जुनाच ठेवायचा. डेटाबेसमध्ये जळलेल्या पेटीचे दाखले अजून असतील, नवी पेटी ते पाहील, 'हा आपलाच जुना कागद' म्हणेल, वरचा क्रमांक घालून स्वतःचा पाठवेल आणि काही सेकंदांत सुरळीत चालू होईल. दोन राउटरांना भांडायला लावणारा नियम खरं तर या कामासाठीच लिहिलाय. मात्र जुनी पेटी 'बहुतेक जळली असावी' अशा अवस्थेत रॅकमध्ये ठेवू नकोस. दुरुस्तीवाला येतो, पॉवर लावतो, सुरू होते का बघतो, आणि केबल अजून तिच्यातच असतात. तिच्या केबल काढ, पॉवर कॉर्ड काढून वेगळ्या पिशवीत ठेव, दर्शनी भागावर चिठ्ठी चिकटव. दुरुस्त होऊन दुसऱ्या शाखेला जाणार असेल तर आधीचं सगळं कॉन्फिग पुसायचं आणि रजिस्टरमध्ये नवीन ओळ घालायची. आणि पुसलं म्हणजे रीलोड करून, रिकामी उठतेय हे स्वतः पाहूनच तिला गाडीत घालायची.